मडक्यातली मूठ

जात्यावर बसण्याआधी आजी सुपातली एक मूठ ज्वारी कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. भूक लागली म्हणून मी एकदा त्यात हात घातला, तर म्हणाली, "त्याला हात नको लावू, ते मंडळीचं हाय." रविवारी मडकं देवळात जायचं. उपासना झाली की सगळ्या घरांची ज्वारी एकत्र करून लिलाव व्हायचा आणि आलेला पैसा आजोबांच्या वहीत चढायचा. आजोबा खजिनदार. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते जमाखर्च उभं राहून मोठ्यानं वाचायचे. दिव्याचं तेलसुद्धा त्यात असायचं.

आमची मंडळी जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. पण या भागातल्या ख्रिस्ती माणसाला मागचं सांगायचं म्हटलं, की नारायण शेषाद्रींपासून सुरुवात करावी लागते. ब्राह्मण घरातल्या शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 मध्ये मुंबईत झाला. पुढे त्यांनी जालन्यात काम केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथं आलेले बरेचसे मांग समाजातले. ज्यांच्या नावावर वीतभर रान नव्हतं, त्यांना तिथं हक्कानं पाय टेकता आले.

शेषाद्रींचं मिशन फ्री चर्चचं, आणि त्या चर्चचा जन्मही 1843 चाच. पाळक कोण नेमायचा यावरून वाद होऊन स्कॉटलंडमधल्या 450 हून अधिक पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडलं. पगार गेला, राहतं घर गेलं. तेव्हा थॉमस चामर्स यांनी रीत घालून दिली. घरोघरी आठवड्याला एक पेनी गोळा करायची, ती एका निधीत टाकायची आणि त्यातून पाळकांना सारखा वाटा द्यायचा. त्यामुळे गरीब गावाचा पाळकही उपाशी राहिला नाही.

शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेपर्यंत जाऊन आले. बाहेरच्या माणसांनी मदत केली, ती मोलाचीच होती. पण आजोबा म्हणायचे, "आपल्याकडं पेनी आली, पेनी जमवायची रीत तिकडंच राहिली." मिशनचा हात एक दिवस आखडणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून आजीचं मडकं.

1972 चा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला जायची, सुकडी खायची. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. त्या साली मूठ बंद ठेवावी, असं पंचांनी ठरवलं. आजोबांनी मान डोलावली. पण रविवारी आजी मिलोची मूठ पदरात बांधून घेऊन आली. "दुष्काळात पाळकाला पोट नसतं का?" एवढंच बोलली. त्या दिवशी वहीत आजोबांनी लिहिलं : मिलो, एक मूठ. पुढच्या रविवारी आणखी चार नावं आली.

पुढं ती वही माझ्याकडे आली. मी शिकलेला, तालुक्याला नोकरी असलेला. दर रविवारी मुठी मोजणं मला कमीपणाचं वाटायचं. घरोघरी गिरणीचं पीठ येऊ लागलं आणि मडकी आपसूक फुटली. मीही ती पुन्हा भरा म्हणालो नाही. बँकेत वर्षानुवर्षांची ठेव होती. ती मोडून आम्ही फरशी बसवली, लाऊडस्पीकर घेतला. मोठा सण केला. जमाखर्च वाचणं लांबत गेलं. मग एका उन्हाळ्यात पाळकांना तीन महिने पगार देता आला नाही. ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनं गळ्यातले चार मणी मोडल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. त्या रविवारी मला मान वर करता आली नाही.

पुढच्या रविवारी मी उभा राहून सगळा हिशेब वाचला. माझी चूकही वाचली. त्या दिवशी ठरलं : प्रत्येक घरानं आठवड्याला जमेल तेवढं द्यायचं, पाळकाचा पगार आधी, बाकी नंतर, आणि ठेवीच्या मुदलाला हात लावायचा नाही. मजुरी करणाऱ्या बायकांनी दहा-दहा रुपये लिहून दिले. पगारदारांना आकडा सांगायला वेळ लागला, त्यात मीही होतो.

आता जातं नाही. आमच्या घरात स्टीलचा डबा आहे. परवा नातवानं चॉकलेटसाठी त्याचं झाकण उघडलं.

"त्याला हात नको लावू," मी म्हणालो. पुढचं त्याच्या आईनंच सांगितलं.