धानाची अळी आणि धानाचा तुडतुडा

बल्लारपूर हें दोन पिकांच्या सीमेवर वसलेलें शहर. पश्चिमेस वर्धा नदीपलीकडे राजुऱ्याच्या काळ्या जमिनींत कापूस. पूर्वेस मूल, सिंदेवाही, गडचिरोलीपर्यंत तलावांच्या पाण्यावरचें धान. कपाशीचें जनुक बदललेलें बीटी बियाणें २००२ सालीं सरकारमान्य झालें. धानाचें अद्यापि झालेलें नाहीं. तें आल्यास फवारणीचा जाच कायमचा टळेल, अशी आशा बाळगणाऱ्यांनीं धानाच्या किडींचा इतिहास अवश्य पाहावा.

बीटी वाणांत मातींतल्या एका जिवाणूचें जनुक असतें. त्याच्या योगें तयार होणारें प्रथिन अळीच्या पोटांत गेलें कीं आंतड्यास छिद्रें पडून ती मरते. धानाचा खोडकिडा व पानें गुंडाळणारी अळी यांवर हा उपाय चालतो, हें चीनमधील प्रयोगांत दिसलें. तेथें २००९ सालीं अशा दोन वाणांस सुरक्षिततेचीं प्रमाणपत्रें मिळालीं. व्यापारी लागवड मात्र झाली नाहीं. परंतु तपकिरी तुडतुडा ही कांहीं अळी नव्हे. तो बुंध्याशीं बसून सोंडेनें रस शोषतो आणि या प्रथिनानें त्याचें कांहींएक बिघडत नाहीं. म्हणजे बीटी धानाच्या बांधींतहि त्याच्यासाठीं औषध मारणें आलेंच!

कपाशीनें हा धडा आधींच दिला आहे. बोंडअळीवरील फवारे प्रथम कमी झाले, पण रस शोषणाऱ्या किडी बळावल्या. पुढें गुलाबी बोंडअळीहि बीटीस दाद देईनाशी झाली. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले.

तुडतुडा पूर्वीं किरकोळ कीटक गणला जाई. १९६६ सालीं आयआर-८ हें ठेंगणें वाण आलें, त्यामागून खतें व औषधें आलीं आणि तुडतुड्याचे दिवस पालटले. १९७३-७४ सालीं केरळांत त्यानें कहर केला. कारण शोधतां विलक्षण गोष्ट उघड झाली. मादी आपलीं अंडीं पानाच्या देठाकडील आवरणांत खुपसून ठेवते. तेथें औषध पोंचत नाहीं. तुडतुडे खाणारे कोळी व त्यांचीं अंडीं शोषणारे ढेकूण मात्र पहिल्याच फवाऱ्यांत मरतात. आठवड्याभरानें पिलें बाहेर येतात, तों राखणदार कोणी उरलेला नसतो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत १९८० च्या सुमारास असेंहि आढळलें कीं, कांहीं औषधांच्या अल्प मात्रेनें मादी उलट अधिकच अंडीं घालते. मारावयास गेलेलें औषधच शत्रूचें पोषण करतें!

हें ओळखून वागण्याचें धैर्य इंडोनेशियानें दाखविलें. १९८६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं धानावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. औषधांवरील सरकारी सवलतहि पुढें काढून घेतली. त्यानंतर बांधावरच शेतकऱ्यांच्या शाळा भरूं लागल्या. शाळा हें नांव त्यांस शोभतें, कारण तेथें फळा नसला तरी धडा रोजचा असे : दर आठवड्यास चिखलांत उतरावयाचें, बुंध्याशीं किती तुडतुडे व किती कोळी आहेत हें मोजावयाचें, आणि मगच पंपाला हात लावावयाचा कीं नाहीं हें ठरवावयाचें.