मैनपाट : उंची आणि हवा

सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटास येथील लोक ‘छत्तीसगडचे सिमला’ म्हणतात. नाव कौतुकाचे आहे; परंतु त्या पठाराचा अर्वाचीन इतिहास सिमल्याशी नव्हे, तिबेटाशी जोडलेला आहे.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले व त्यांच्यामागोमाग हजारो निर्वासित भारतात आले. त्यांपैकी काहींची वसाहत १९६२-६३ च्या सुमारास, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, मैनपाटावर झाली.

पाट म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर. ज्यांनी पाचगणीचे टेबललँड पाहिले आहे त्यांना तो निराळा समजावून सांगावयास नको. खाली दख्खनचाच काळा कातळ, वर जांभा आणि त्यात बॉक्साइट. येथून मांड नदी दक्षिणेस महानदीकडे जाते, तर रिहांद उत्तरेस शोणेकडे.

पठाराची उंची सुमारे १,००० मीटर, रायपूरची ३०० च्या आत-बाहेर. दर हजार मीटरांस तपमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते; म्हणजे आम्हां रायपूरकरांहून तेथे चार-पाच अंशांचा गारवा. परंतु ल्हासा ३,६५० मीटरांवर आहे. तेथील हवा विरळ, कोरडी. पाऊस आपल्या मोसमी पावसाच्या मानाने अगदी थोडा. मैनपाटावर मात्र पावसाळाभर धुके आणि ओल. उंचीने उन्हाचा ताप कमी केला, दमटपणा टाळता आला नाही.

मग शेतीने वाट काढली. तिबेटात मुख्य धान्य जव. येथे मका, बटाटा आणि टाऊ आले. टाऊ म्हणजे उत्तरेत उपवासाला चालणारा कुट्टू. थंडीच्या दिवसांत अवघ्या तीनेक महिन्यांत हाती येणारे हे पीक शेजारच्या आदिवासी शेतकऱ्यांनीही आपलेसे केले. आज त्याची पांढरी फुले ही पठाराची ओळख होऊन बसली आहे.

विदर्भात नवेगावबांधाजवळ गोठणगावी १९७२ मध्ये वसलेल्या तिबेटी वसाहतीस तर उंचीची एवढीही सवलत नाही. भाताच्या त्या सखल मुलखातही ती टिकली.

बदलीच्या गावची हवा मानवत नाही, ही आपणां नोकरदारांची नित्याची तक्रार. आपल्या हाती निदान परतीचा अर्ज असतो. मैनपाटावर जन्मलेल्या पिढ्यांनी ल्हासा पाहिलेले नाही. त्यांच्या लेखी हवा म्हणजे हेच धुके आणि शेत म्हणजे टाऊचे.