शिरोड्याचे मीठ आणि बर्लिनचा प्रबंध

बेळगावहून निघून हिंडलग्यावरून जाणारा रस्ता पुढे घाट उतरून वेंगुर्ल्यास पोहोचतो. रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते. घाटावरचे धान्य या वाटेने खाली उतरे आणि समुद्राकाठचे मीठ वर चढे. आम्हांपैकी अनेकांचे पूर्वजही किनाऱ्यावरील गावे व कुलदेवतांची मूळ स्थाने सोडून अशाच घाटवाटांनी वर आले. म्हणून किनाऱ्याचे प्रश्न आम्हांस परके नाहीत. आपल्या समाजातील एखादा पदवीधर परदेशी विद्यापीठाच्या परिसंवादात या प्रश्नांवर निबंध वाचतो, असे ऐकले म्हणजे आम्हांस कौतुक वाटते. पण त्या निबंधाचे पुढे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात सापडते.

वेंगुर्ल्यापासून जवळच शिरोड्याची मिठागरे आहेत. भरतीचे पाणी आत घ्यावे, उन्हात आटू द्यावे आणि उरलेले मीठ ओढून ढीग करावेत, एवढाच हा व्यवसाय. मात्र इंग्रजी अमलात त्या मिठावर कर होता. १९३० साली तो मणामागे सव्वा रुपया होता. गोव्याच्या मिठागरांची कथा याहून दुःखद. इंग्रज व पोर्तुगीज सरकारांनी १८७८ साली केलेल्या तहान्वये गोव्यातील मिठाचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. तह १८९२ साली संपुष्टात आला. पण तोवर मिठगावड्यांच्या धंद्यास जबर धक्का बसला होता. पैसा सरकारास मिळाला, झळ मात्र मिठागरात राबणाऱ्यांस लागली.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीस मीठ उचलले आणि मे महिन्यात शिरोड्यास सत्याग्रह झाला. त्याच सुमारास बर्लिन विद्यापीठात राममनोहर लोहिया नावाचा एक तरुण शिकत होता. जर्मन विद्यापीठांत ‘सेमिनार’ची पद्धत फार जुनी. प्राध्यापकांभोवती मोजके पदवीधर बसावयाचे, एकाने निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्याच्या प्रत्येक विधानास पुरावा मागावयाचा. अशा वातावरणात या तरुणाने प्रबंधासाठी विषय निवडला, तो हिंदुस्थानातील मिठावरील कराचा. त्याचे जन्मगाव अकबरपूर हे अयोध्येच्या मुलखातील. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरीही किनाऱ्यावरच्या मूठभर मिठात साऱ्या देशाचे दारिद्र्य दिसू शकते, हे त्याने ओळखले. परकी भाषा आत्मसात करून त्याने अभ्यास पुरा केला आणि १९३३ साली तो स्वदेशी परतला.

बर्लिनमध्येच लोहियांचा एका गोमंतकीय विद्यार्थ्याशी स्नेह जडला होता. हे ज्युलियांव मिनेझिस; वैद्यकाचे विद्यार्थी, साष्टीतील असोळण्याचे. असोळणे हे नाव आम्ही विसरता कामा नये. देवळांच्या विध्वंसानंतर १५८३ साली कुंकळ्ळी व आसपासच्या ज्या गावांनी पोर्तुगीज सत्तेचा प्रतिकार केला, त्यांत असोळणे होते. कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्प्यास गेली, ती त्याच काळातील संकटामुळे. त्या गावचे हे ख्रिस्ती गृहस्थ स्वातंत्र्याच्या कार्यात अग्रभागी उभे राहिले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

तुरुंगातून सुटलेले लोहिया १९४६ साली विश्रांतीसाठी या मित्राच्या घरी आले. तेथे भेटावयास येणाऱ्यांच्या तोंडून त्यांस कळले की, गोव्यात सभा भरविण्याचीही मुभा नाही. विश्रांती बाजूस राहिली. १८ जून १९४६ रोजी मडगावास दोघांनी बंदी मोडली व त्यांस अटक झाली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातील लोंढे येथे ‘नॅशनल काँग्रेस, गोवा’ या संस्थेची स्थापना झाली. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरले, कुळ्यास पकडले गेले आणि आग्वादच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. मिठावरील कर १९४७ साली उठला. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. या गोष्टी एका प्रबंधाने घडल्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यांमागे सहस्रावधी सत्याग्रहींचे कष्ट होते. परंतु परदेशात किनाऱ्याचा अभ्यास केलेला विद्यार्थी किनाऱ्यावर येऊन उभा राहिला, हे मात्र निश्चित.

आज आमची मुले अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत शिकतात. अभ्यासास विषयांची वाण नाही. १५६७ सालच्या ‘फोराल’ नोंदवह्यांत साष्टी-बार्देशातील देवळांच्या जमिनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेल्या आहेत. गावकरीचे हक्क, ओसाड पडलेली मिठागरे, सरकत जाणारा किनारा हेही विषय आहेत. हे सारे परक्या ग्रंथालयातच राहिले, तर त्याचा किनाऱ्यास उपयोग काय? म्हणून आम्ही पालकांस व देवस्थानांच्या महाजनांस सुचवितो की, सुटीत घरी आलेल्या विद्यार्थ्यास नुसता अभिषेकापुरता देवळात नेऊ नये. त्यास दप्तरातील मोडी कागद दाखवावेत, सेवेकरी घराण्यांतील वृद्धांपाशी बसवावे, आणि त्याने जे लिहिले ते मराठीत वा कोकणीत सभामंडपात वाचून दाखवावयास सांगावे. बर्लिनच्या सेमिनारात पुरावा मागणारे प्राध्यापक होते; येथे पुरावा मागावयास मिठागरात राबलेला माणूस समोर असेल. त्याच्यापुढे जो निबंध टिकेल, तोच खरा.