पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील दिव्यांग प्रवासी वाहतूक

पिंपरी-चिंचवड महानगर आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील दिव्यांग प्रवासी मुख्यतः सर्वसाधारण सार्वजनिक वाहतुकीवर अवलंबून असतात. या सेवेतील महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बस येऊनही प्रवासी थांब्यावर मागे राहणे. येथे याला 'चुकलेली फेरी' म्हटले आहे.

पार्श्वभूमी

पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र महापालिका परिवहन सेवांच्या विलीनीकरणातून २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल) स्थापन झाले. 'रेनबो बीआरटी' या जलद बससेवेचा सांगवी–किवळे मार्ग २०१५ मध्ये, तर दापोडी–निगडी मार्ग २०१८ मध्ये सुरू झाला. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. मेट्रो स्थानकांत उद्वाहक आणि दृष्टिहीनांसाठी स्पर्शमार्ग आहेत.

कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ नुसार बसथांबे व वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत. तांत्रिकदृष्ट्या शक्य व सुरक्षित असल्यास जुन्या वाहनांतही बदल करावेत, असे हे कलम सांगते. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने बसमध्ये राखीव आसने, कुबड्या ठेवण्याची सोय, आधारदांडे आणि चाकखुर्ची चढवून जागेवर अडकवण्याची व्यवस्था यांची तरतूद केली.

फेरी चुकण्याची कारणे

बीआरटी स्थानकाचा फलाट बसच्या तळाच्या उंचीचा असल्याने तेथे चाकखुर्ची सरळ आत नेता येते. मात्र बस फलाटापासून दूर उभी राहिल्यास मधल्या फटीमुळे हा लाभ नाहीसा होतो. तीच बस बीआरटी मार्गाबाहेर गेल्यावर साध्या थांब्यावर पायऱ्या चढाव्या लागतात. देशातील शहरी बसगाड्यांच्या मानकांत तळाची उंची ४००, ६५० व ९०० मिलिमीटर अशी तीन प्रकारची आहे. त्यामुळे येणारी बस कोणत्या प्रकारची आहे, हे आधी कळणे गरजेचे असते. दृष्टिहीन प्रवाशाला बसचा क्रमांक ओळखता येत नाही, तर कर्णबधिर प्रवाशाला तोंडी सूचना कळत नाही.

पुणे–नाशिक महामार्गावरील चाकण भागात अवजड वाहनांची वर्दळ मोठी असते. तेथे बीआरटी मार्गिका नाही. पाळीच्या वेळेशी बांधलेल्या कामगाराची एक बस चुकली तर कामाचा दिवसही बुडू शकतो.

नोंदीचा प्रश्न

अमेरिकेत १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार नियमित बसमार्गांच्या दोन्ही बाजूंस पाऊण मैलापर्यंत पूरक सेवा द्यावी लागते. तेथे वाहन वेळेत न आल्याने चुकलेली फेरी आणि प्रवासी न आल्याने वाया गेलेली फेरी यांची वेगळी नोंद होते. प्रवाशाच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने चुकलेल्या फेरीचा दोष त्याच्यावर ठेवता येत नाही. पीएमपीएमएलच्या खासगी ठेकेदारांच्या बसना मोबदला प्रतिकिलोमीटर मिळतो. त्यामुळे चाकखुर्चीवरील प्रवाशाला न घेता पुढे गेलेली बसही धावेच्या हिशेबात पूर्ण ठरते आणि मागे राहिलेला प्रवासी त्या हिशेबात दिसत नाही.

उपाययोजना

बस फलाटालगत उभी करण्याचे चालकांना प्रशिक्षण, उतरंड-फळीची नियमित तपासणी, आगमनाची दृश्य व ध्वनी सूचना आणि नाकारलेल्या प्रवेशाची स्वतंत्र नोंद हे प्रमुख उपाय मानले जातात. आयआयटी दिल्ली येथे विकसित झालेल्या 'ऑनबोर्ड' उपकरणाची चाचणी मुंबईच्या बेस्ट बसमध्ये झाली. यात दृष्टिहीन प्रवाशाने हातातील यंत्राची कळ दाबल्यावर बसवरील ध्वनिक्षेपक मार्गक्रमांक सांगतो आणि त्याच आवाजाच्या दिशेने दार सापडते. दारापासून दारापर्यंतच्या सेवेत वाहन येण्याचा ठरावीक कालावधी आधी कळवणे, निघाल्यावर पुन्हा सूचना देणे आणि वाहन नादुरुस्त झाल्यास पर्यायी वाहन तयार ठेवणे या पद्धती वापरल्या जातात.

हे सुद्धा पहा

पुणे महानगर परिवहन महामंडळ
पुणे मेट्रो
सुगम्य भारत अभियान