हाक आणि ओ : मधुमेही जखमेवरील सूत्रे व त्यांचे भाष्य

मधुमेह्याच्या पायाची जखम भरत का नाही, या एका प्रश्नाचा पाठपुरावा जेफ्री गर्टनर हे प्लास्टिक सर्जन दोन दशकांहून अधिक काळ करत आहेत. आधी न्यूयॉर्क विद्यापीठात, मग स्टॅनफर्डला, अलीकडे ॲरिझोना विद्यापीठात. त्यांच्या प्रयोगशाळेचे निबंध सुटे वाचले तर प्रत्येकात एखादे प्रथिन, काही उंदीर आणि चार आलेख हाती लागतात. सलग वाचले तर एकच युक्तिवाद उलगडत जातो, आणि मूलपेशींच्या उपचारांबद्दल जे आशेने बोलले जाते त्यापेक्षा तो पुष्कळ कठोर आहे. तो मी आठ सूत्रांत बांधला आहे आणि जुन्या शास्त्रकारांच्या रिवाजाप्रमाणे त्यावर स्वतःच भाष्य केले आहे. सूत्रांचे शब्द माझे, शोध त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे.

सूत्र १. जखमेत प्राणवायू कमी पडतो. त्या कमतरतेतूनच दुरुस्तीची हाक उठते.

कातडी फाटते तेव्हा तिच्यातल्या केशवाहिन्याही तुटतात. शिवाय जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. ही टंचाई म्हणजे नुसती हानी नव्हे, ती सूचनाही आहे. एचआयएफ-१ आल्फा नावाचे प्रथिन पेशी सतत बनवत असते आणि सतत मोडत असते. प्राणवायू मुबलक असला की एक विकर लोहाच्या साहाय्याने या प्रथिनावर खूण करते, आणि खूण झालेले प्रथिन काही मिनिटांत नष्ट होते. प्राणवायू नसला की खूण होत नाही. प्रथिन साचते, केंद्रकात शिरते आणि जनुके जागी करते : नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे व्हीईजीएफ, प्राणवायूविना साखरेतून ऊर्जा काढणारी विकरे, आणि पुढच्या सूत्रात येणारे, पेशींना बोलावणारे एसडीएफ-१. पेशीला प्राणवायू कसा जाणवतो हे उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

विकराला लोह लागते, हे ध्यानात ठेवावे. चौथ्या सूत्राचा भार त्यावर आहे.

सूत्र २. ती हाक ऐकून दूरच्या पेशी रक्तावाटे जखमेकडे येतात.

२००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये गर्टनर यांच्या गटाने दाखवले की ऊतीत प्राणवायू जितका कमी, तितके एसडीएफ-१ अधिक, आणि ज्या पेशींवर या रेणूचा ग्राहक आहे त्या पेशी टंचाईच्या जागी येऊन थांबतात. म्हणजे हाडांतल्या मज्जेतून निघालेल्या पेशीला रस्ता दाखवायला वेगळे काही लागत नाही, टंचाईच पुरते.

शंका : या पेशी खरोखर मूलपेशी आहेत का? शंका रास्त आहे. ताकायुकी असाहारा यांनी १९९७ मध्ये रक्तात फिरणाऱ्या, वाहिन्यांचे अस्तर घडवू शकणाऱ्या पूर्वज पेशींचे वर्णन केले आणि त्या कल्पनेवर शेकडो निबंध उभे राहिले. नंतर लक्षात आले की प्रयोगशाळेत त्या नावाने वाढवलेल्या बऱ्याच पेशी मोनोसाइट कुळातल्या होत्या. त्या स्वतः वाहिनी होत नाहीत, स्राव सोडून शेजारच्यांना कामाला लावतात. म्हणून सूत्रात ‘मूलपेशी’ न म्हणता ‘दूरच्या पेशी’ म्हटले आहे. युक्तिवादाला याने बाध येत नाही. जखमेपर्यंत कोणीतरी यावे लागते आणि ते येण्यासाठी हाक लागते, इतके खरे असले तरी पुढचे सगळे उभे राहते.

सूत्र ३. मधुमेहात हाक उठते, पण तिचा हुकूम सुटत नाही.

माझ्या मते सगळ्या कामाचे मर्म या सूत्रात आहे. मधुमेही पायातही प्राणवायू कमीच असतो. खरे तर जास्तच कमी असतो. मग तिथे वाहिन्या अधिक जोमाने फुटायला हव्यात. फुटत नाहीत. का?

गर्टनर यांच्या गटाच्या २००९ च्या निबंधाचे उत्तर असे : एचआयएफला जनुक चालू करायचे तर केंद्रकात पी-३०० या सहकारी प्रथिनाशी जुळावे लागते. पेशीत साखर वाजवीपेक्षा जास्त शिरली की साखर फोडण्याच्या वाटेवर मिथिलग्लायॉक्सल हा अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो आणि तो पी-३०० ला कायमचा चिकटतो. मग एचआयएफ त्याच्याशी नीट जुळत नाही, आणि व्हीईजीएफ पुरेसे बनत नाही. इथे चयापचय आणि जखम यांची गाठ रेणूच्या पातळीवर पडते. ‘शुगर वाढली की जखम चिघळते’ हे आपल्या घराघरांतले वाक्य आहे. लोक त्याचा अर्थ असा घेतात की गोड रक्तात जंतू माजतात. संसर्गाचा धोका वाढतो हे खरेच, पण जंतूंचा लवलेश नसतानाही मधुमेही जखम अडून बसते, आणि त्याचे एक कारण हे आहे.

इथे मतभेद नोंदवला पाहिजे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतला सर्जू-बोगदान कात्रिना यांचा गट २००४ पासून सांगत आला आहे की जास्त साखरेत एचआयएफ स्वतःच टिकत नाही, लवकर मोडते. एका पक्षाने दोष हुकमाच्या अंमलबजावणीत पाहिला, दुसऱ्याने हाक देणाऱ्यातच. हे पक्ष एकमेकांना खोडतात असे मला वाटत नाही. एकाच साखळीच्या दोन कड्या एकाच विषाने कमजोर होऊ शकतात, आणि दोन्ही गटांचा व्यवहारातला निष्कर्ष एकच आहे : एचआयएफचे काम परत उभे केले तर मधुमेही उंदराची जखम लवकर भरते.

सूत्र ४. लोह बांधून ठेवले तर हाक पुन्हा कामी येते.

औषध नवे नाही. डिफेरॉक्सामिन थॅलेसेमियाच्या मुलांच्या घरी ठाऊक असते : वारंवार रक्त चढवल्याने अंगात साठलेले लोह काढण्यासाठी रात्री पोटाच्या कातडीखाली सुई लावून, पंपाने आठ-दहा तास थेंबाथेंबाने दिले जाणारे तेच हे. लोह बांधले गेले की खूण करणारे विकर थंडावते आणि एचआयएफ टिकते. शिवाय लोहामुळे होणारा ऑक्सिडीकरणाचा मारा कमी होतो. २००९ च्याच प्रयोगांत पी-३०० ला मिथिलग्लायॉक्सल चिकटणे या औषधाने थांबले आणि मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्या.

अडचण पोहोचवण्याची होती. हे औषध पाण्यात विरघळणारे, त्यामुळे कातडीतून आत जात नाही. रक्तात दिले तर लवकर निघून जाते. २०१५ साली या गटाने त्याला सूक्ष्म कोशिकांत गुंडाळून कातडीवर चिकटवायची पट्टी केली. तिने मधुमेही उंदरांच्या जखमा तर भरल्याच, पण दाबाने होणारे व्रण आधीच रोखले. जखम होण्याआधी कातडीची तयारी करता येते, ही कल्पना मला औषधापेक्षाही मोलाची वाटते.

सूत्र ५. हाकेला ओ देणाऱ्या पेशीच मधुमेहात विरळ झालेल्या असतात.

हाक दुरुस्त केली म्हणजे काम भागले, असा समज चौथ्या सूत्रावरून होईल. त्याचे निरसन इथे आहे. या धाग्याचे टोक याच गटाच्या २००२ च्या कामात आहे. टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या पूर्वज पेशी निरोगी माणसांच्या पेशींच्या तुलनेत ४८ टक्के कमी वाढल्या, आणि ज्याचे एचबीए१सी (सरासरी साखरेचे माप) जास्त त्याच्या पेशी अधिक मंद निघाल्या. पुढे एकेका पेशीतली जनुके स्वतंत्रपणे मोजण्याचे तंत्र हाती आले, तेव्हा २०१४ मध्ये मधुमेही उंदरांच्या मज्जेत दिसले की सगळ्या पेशी थोड्या थोड्या दुबळ्या होतात असे नाही. वाहिन्या घडवण्याकडे कल असलेले विशिष्ट उपगटच नाहीसे होतात. सरासरी काढणाऱ्या जुन्या पद्धतीला हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

सूत्र ६. साखर उतरली तरी त्या परत येत नाहीत.

याच २०१४ च्या कामात मधुमेही प्राण्यांच्या मज्जेतल्या पेशींना पुन्हा योग्य साखरेच्या शरीरात आणून पाहिले. दोष गेला नाही; तो आता पेशीच्या अंगचा झाला होता. मोठ्या मानवी अभ्यासाशी हे जुळते. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या डीसीसीटी चाचणीत टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांपैकी काहींची साखर काटेकोर ठेवली होती. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी काटेकोर राहिलेल्यांना पुढची कित्येक वर्षे डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे विकार कमी झाले. शरीर जुनी साखर विसरत नाही.

‘मग आता साखर सांभाळून काय उपयोग?’ असे कोणी यावरून म्हणेल, तर त्याने सूत्र उलटे वाचले. आधीचे नुकसान पुसले जात नाही, म्हणूनच पुढचे टाळण्याला किंमत आहे, आणि निदानानंतरच्या पहिल्या वर्षांना तर फारच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या अनेकांच्या मज्जेत हा हिशेब आज, कुठलीही जखम नसताना, मांडला जात आहे. ही गोष्ट दवाखान्यातल्या पहिल्या भेटीत रुग्णाला सांगितली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सूत्र ७. उंदराची जखम माणसाची नव्हे.

उंदराची कातडी सैल असते. जखमेच्या कडा आकसून जवळ येतात. माणसाची जखम बरीचशी तळातून मांस भरत, वर कातडी सरकत भरते. म्हणून गर्टनर यांच्या गटाने २००४ मध्ये उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवण्याची पद्धत बसवली, म्हणजे कडा आकसू शकत नाहीत. ही प्रामाणिक दुरुस्ती आहे, पण पुरी नाही. उंदीर बधिर तळव्याने चप्पल घालून चालत नाही. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवले होते की संवेदना गेलेला पाय रोगाने झडत नाही, न कळणाऱ्या दाबाने आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजेने झिजतो. मधुमेही पायाचेही तसेच आहे. तळव्यावरचा दाब काढला नाही तर कोणताही रेणू हरतो.

सूत्र ८. म्हणून रुग्णाच्याच पेशी रुग्णाला देणे पुरेसे नाही.

‘स्वतःच्या पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढून जखमेत सोडू’ हे ऐकायला निर्धोक वाटते : परकेपणा नाही, नकाराची भीती नाही. पण पाचव्या-सहाव्या सूत्रांनंतर विचारावे लागते की त्या चरबीत कामाच्या पेशी उरल्या आहेत का. मधुमेही उंदरांच्या चरबीतल्या पेशींतही हाच उपगटांचा ऱ्हास दिसला आहे. निरोगी दात्याच्या पेशी घेतल्या तर हा दोष टळतो. पण जखमेचे वातावरण तेच राहते आणि सोडलेल्या पेशी लवकर मरतात. यावर या प्रयोगशाळेने पुल्लुलान आणि कोलॅजन यांची ओलसर जाळी करून पेशी तिच्यात बसवल्या. जाळीत त्या जास्त काळ जगल्या, वाहिन्या फुटायला लावणारे स्राव त्यांनी जास्त सोडले आणि उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. पेशी स्वतः नवी कातडी होते असा दावा इथे नाही. तिचे काम मुख्यतः स्रावाचे.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसाठीचे रक्तमूलपेशी-रोपण वगळता बाकी सर्व वापर नोंदणीकृत चाचणीपुरता ठेवला. ही अट मला योग्य वाटते. एखाद्या केंद्राने मधुमेही जखमेसाठी पैसे घेऊन पेशी देऊ केल्या, तर रुग्णाच्या मुलाने किंवा सुनेने तिथे सरळ विचारावे : पेशी कोणाच्या, त्या तपासल्या कशा, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि त्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासून तळव्यावरचा दाब काढला आहे का.