'अक्करमाशी' : एका वजनाचा अर्थेतिहास

'अनौरस' या शब्दाचे पर्याय म्हणून जारज, दासीपुत्र, लेकावळा, अक्करमाशा, हरामजादा हे शब्द मराठीत सहज एका ओळीत मांडले जातात. परंतु पर्याय म्हणजे समानार्थ असे गृहीत धरले, की या शब्दांमागील इतिहास पुसला जातो. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या व्यवहारातून आलेला आहे. 'जारज' जाराकडे बोट दाखवतो, 'दासीपुत्र' आईच्या मालकीचा उल्लेख करतो, 'हरामजादा' धर्माने निषिद्ध ठरवलेल्या संबंधाचा. गुन्हे निरनिराळे आहेत. शिक्षा मात्र प्रत्येक वेळी एकाच व्यक्तीच्या नावावर चढते, आणि ती व्यक्ती म्हणजे ज्याचा त्या संबंधात काहीच सहभाग नव्हता ते मूल.

या शब्दसमूहाच्या मध्यभागी 'औरस' आहे. 'उरस्' म्हणजे छाती. पित्याच्या छातीपासून, म्हणजे त्याच्या देहापासून झालेला तो औरस. व्युत्पत्ती अशी पूर्णपणे जैविक आहे. या न्यायाने दासीच्या पोटी झालेला मुलगाही पित्याचा औरसच ठरावयास हवा. परंतु मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील व्याख्येने त्यात विवाहसंस्काराची अट घातली : स्वतःच्या विवाहित स्त्रीच्या ठायी स्वतः उत्पन्न केलेला तोच औरस. शब्द देहाचा राहिला, अर्थ मात्र विधीचा झाला. 'अनौरस' हा शब्द त्यामुळे मुळातच एक असत्य विधान करतो. ज्या देहातून मूल जन्मले, त्या देहाचे ते नव्हे, असे तो सांगतो.

त्याच अध्यायातील बारा पुत्रांची यादी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. कुमारिकेला पित्याच्या घरी झालेला कानीन, गर्भवती वधूबरोबर आलेला सहोढ, घरातच गुप्तपणे जन्मलेला गूढोत्पन्न. या तिघांचाही जनक कोण, हा प्रश्न शास्त्र महत्त्वाचा मानत नाही. ते स्त्रीच्या पतीचे ठरतात. क्षेत्र ज्याचे, पीक त्याचे. म्हणजे पुत्रत्व ही रक्ताची नव्हे, मालकीची संकल्पना आहे. या व्यवस्थेत स्थान न मिळणारे मूल कोणते? ज्याच्या आईवर कोणाही पतीचा हक्क नोंदलेला नाही, ते. याज्ञवल्क्याने शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या इच्छेने वाटा दिला; द्विजाच्या दासीपुत्राला मिताक्षरेने केवळ पोटगीवर ठेवले. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हाच भेद पुढे चालवला. मुलाला हिस्सा मिळेल की केवळ अन्न, हे पित्याच्या वर्णावर अवलंबून राहिले.

मराठी लोकभाषेने शास्त्राची ही वर्गवारी बाजूला ठेवली आणि आपल्या रोजच्या व्यवहारातील मापे वापरली. काही जातींत शुद्ध शाखेला 'गोड' आणि दुसरीला 'कडू' म्हणत. हे माप जिभेचे. 'लेकावळा' शब्दात लेकपण मान्य आहे, पण प्रत्ययाने त्याची प्रत उतरवली आहे. सरदार घराण्यांत दासीच्या मुलाला 'फर्जंद' म्हणत. फारसीत त्याचा अर्थ केवळ 'अपत्य' एवढाच होतो. परकी भाषा येथे सभ्यतेच्या पडद्यासारखी उपयोगी पडली.

सर्वांत बोलका शब्द सोनाराच्या दुकानातून आला. बारा माशांचा एक तोळा. बारामाशी म्हणजे पुरा, अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, एका माशाने उणा. या रूपकाची क्रूरता त्याच्या काटेकोरपणात आहे. ते माणसाला खोटे नाणे म्हणत नाही. जवळजवळ खरे म्हणते, आणि उरलेला एक मासा आयुष्यभर त्याच्याकडे मागत राहते. ही उणीव नेमकी कोणाची, हे तराजू सांगत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला 'अक्करमाशी' हे नाव दिले, तेव्हा या शब्दाच्या इतिहासात प्रथमच दिशा उलटली. तोवर हा शब्द तृतीय पुरुषात, दुसऱ्याविषयी वापरला जात होता. येथे तो प्रथम पुरुषात आला. आई महार, जन्मदाता पाटील, आणि गाव दोन्हींकडून माप घेणारे. वजन होणारी वस्तूच बोलू लागली, आणि तिने तराजू कोणाच्या हातात आहे हे विचारले.

कायद्याने हा प्रश्न हळूहळू मान्य केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील सोळाव्या कलमाची व्याप्ती १९७६ च्या दुरुस्तीने वाढली आणि शून्य विवाहातील मुले औरस मानली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पालकांच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यातही अशा मुलांचा हक्क असल्याचा निर्णय दिला. तरी जन्मतः सहदायकत्व त्यांना नाही, आणि विवाहच झाला नसेल तर हे कलम लागू होत नाही. एक मासा अजून शिल्लक आहे.

कायद्याचे ते कायदा पाहील. समीक्षेने आपल्या घरातील तराजूकडे पाहावे. 'निकष' म्हणजे कसोटीचा दगड. 'हिणकस' म्हणजे कसाला कमी. 'बावनकशी' तर उघड सोन्याचाच शब्द. 'अस्सल' अरबीतील 'अस्ल'पासून, म्हणजे मूळ, कूळ यांतून आला. साहित्यकृतीचे मूल्य सांगताना आपण याच दुकानातले शब्द वापरतो आणि ते निव्वळ कलाविषयक आहेत असे मानतो. दलित आत्मकथनांना 'हे वाङ्मय की केवळ दस्तऐवज' असे विचारले गेले, तेव्हा तो प्रश्न वरवर प्रकाराचा होता, आतून कुळाचा होता. बारा मासे कोणी ठरवले, हे न विचारता अकरा मोजणारी समीक्षा सौंदर्यशास्त्राच्या नावाने वारसाहक्काचाच दावा चालवत असते.