फणसाडच्या पायथ्याशी चार दिवसांचे बिऱ्हाड

अलिबाग, काशीद, मुरूड ही नावे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना नवी नाहीत. शनिवारी सकाळी निघायचे, दुपारी खानावळीत मासे खायचे, सायंकाळी समुद्रात पाय बुडवायचे आणि रविवारी रात्री घर गाठायचे, असा हा ठरलेला क्रम असतो. या धावपळीच्या सहलीला एक निवांत पर्याय आहे. चार-पाच दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यायचे, बरोबर थोडा शिधा न्यायचा, उरलेला बाजार गावातच करायचा आणि स्वतः रांधून खायचे. किनाऱ्याला समांतर उभ्या असलेल्या डोंगरातील फणसाड अभयारण्याच्या परिसरात असे बिऱ्हाड मांडता येते. मात्र हा परिसर जंगलाचा आहे, याचे भान बिऱ्हाड मांडणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.

उद्यान आणि अभयारण्य

डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात कॉटेज घेऊन आठवडाभर राहण्याची पद्धत ब्रिटनमध्ये चांगलीच रुजलेली आहे. तेथे १९४९ च्या कायद्यानुसार १९५१ पासून पीक डिस्ट्रिक्ट, लेक डिस्ट्रिक्ट आदी राष्ट्रीय उद्याने घोषित झाली. या उद्यानांच्या हद्दीत गावे, शेते आणि खासगी घरे पूर्वीपासून आहेत. त्यामुळे उद्यानातच घर भाड्याने मिळते.

भारतात राष्ट्रीय उद्यानाचा अर्थ वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क राहत नाहीत आणि गुरे चारण्यासही मनाई असते. अभयारण्यात काही हक्क मर्यादित स्वरूपात चालू राहू शकतात. रायगड जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्ये आहेत. त्यामुळे येथील सुट्टीचे घर जंगलाच्या आत नसून जंगलालगतच्या गावात असते, हे प्रथम लक्षात घ्यावे.

नवाबाचे शिकारीचे रान

मुरूड, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांत पसरलेले हे जंगल जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकारीसाठी का होईना, हे रान राखले गेले. म्हणूनच समुद्रापासून काही किलोमीटरच्या अंतरावर एवढे दाट जंगल आज उभे आहे.

येथे ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी असे वृक्ष आढळतात. झाडांना वेढे घालत जाणारी गारंबीची अजस्र वेल आणि तिच्या हातभर लांबीच्या शेंगा हे फणसाडचे वैशिष्ट्य. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर आणि वानरे येथे आहेत. पण नवख्या पर्यटकाला दिसण्याची शक्यता अधिक ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूची. सकाळच्या शांततेत उंच फांद्यांवर नजर ठेवली, तर त्याची झुपकेदार शेपटी दिसते.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठीही रायगडचा किनारा महत्त्वाचा मानला जातो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशभरात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उंच झाडांवर घरटी करणाऱ्या या पक्ष्याला शांतता लागते. घरटे असलेल्या झाडाखाली गर्दी करणे कटाक्षाने टाळावे.

घर कसे निवडाल?

सुपेगाव हे अभयारण्यात प्रवेशाचे प्रमुख ठिकाण. तेथे वन विभागाने पर्यटकांसाठी निवासाची सोय उभारली आहे. पण ती जंगलाच्या नियमांनी बांधलेली असते आणि तेथे स्वतःची चूल मांडण्याची अपेक्षा ठेवू नये. स्वतः स्वयंपाक करायचा असेल, तर काशीद, नांदगाव, मुरूड या किनाऱ्यावरील गावांत घर पाहावे. नारळी-पोफळीच्या वाडीतील स्वतंत्र घर किंवा यजमान कुटुंबाच्या घराचा एक भाग असे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. जंगल पाहण्यासाठी पहाटे सुपेगावला जाऊन दुपारपर्यंत परतता येते.

आरक्षणापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. स्वयंपाकघर केवळ आपल्यासाठी आहे की यजमानांसह सामायिक? गॅस, भांडी आणि शीतकपाट भाड्यात धरले आहे का? पाणी विहिरीचे की टँकरचे? वीज गेल्यास पंपाची काय सोय? मांसाहार रांधलेला चालतो का? यातील शेवटचा प्रश्न संकोचाने विचारला जात नाही आणि पापलेट पिशवीत घेऊन दारात उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

शिधा आणि बाजार

तेल, मसाले, चहापूड, डाळ आणि लहान मुलांचा खाऊ एवढे घरून न्यावे. बाकी सारे येथेच घ्यावे. मुरूड आणि रेवदंडा येथे बाजार आहेत. मासळीसाठी सकाळी कोळीवाड्याची वाट धरावी. पापलेट-सुरमईच्या पलीकडे बांगडा, मांदेली, बोंबील ही मासळी स्वस्त आणि तितकीच रुचकर असते. साफ करून द्यायची विनंती कोळीणीलाच करावी. मासा कसा करायचा, तेही ती सांगेल. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत सुकट, जवळा आणि खाडीतील चिंबोऱ्या यांवर भागवावे.

वाडीतले नारळ, घरची आमसुले, तांदळाचे पीठ आणि उन्हाळ्यात ताडगोळे यजमानांकडे किंवा शेजारी मिळतात. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात वाटेवरच माळांच्या स्वरूपात दिसतो. स्वयंपाक आपण करणार असलो, तरी भाकऱ्या भाजून देणाऱ्या, भांडी घासणाऱ्या गावातील महिलेला योग्य मोबदला देऊन मदतीला घेतल्यास आपलाही वेळ वाचतो आणि तिच्याही हाती चार पैसे पडतात.

विस्तव, पाणी आणि खरकटे

फणसाडजवळच्या सुट्टीचे खरे पथ्य या तीन शब्दांत आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत ओसरतो. डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि मार्चनंतर जंगलातील प्राण्यांची सारी भिस्त मोजक्या पाणवठ्यांवर राहते. या पाणवठ्यांना येथे ‘गाण’ म्हणतात. याच काळात गावातील विहिरीही खोल जातात. अशा वेळी अंगणातील गाडी रोज नळीने धुणे हा शेजाऱ्याच्या बादलीत हात घालण्याचा प्रकार ठरतो.

हिवाळ्यात रायगडमध्ये पोपटीचा हंगाम असतो. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. ही मेजवानी अवश्य घ्यावी, पण यजमानाच्या शेतात आणि त्याच्या देखरेखीखाली. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे हा १९७२ च्या अधिनियमातील कलम ३० नुसार गुन्हा आहे. पानगळीनंतर जंगलात सुक्या पाल्याचा थर साचलेला असतो. एक निखारा त्याला पुरतो. पक्षी जमिनीवर घालतात ती अंडी, सरपटणारे जीव आणि वाढीला लागलेली रोपे यांना पळता येत नाही.

खरकटे उघड्यावर टाकल्यास वानरे घराशी सलगी करतात आणि कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. पर्यटक रविवारी निघून जातो, बिबट्याची भीती गावाकडे राहते. ओला कचरा वाडीतील खड्ड्यात टाकावा. प्लास्टिक परत आपल्या गाडीतून न्यावे, कारण लहान ग्रामपंचायतींकडे त्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था तोकडी असते.

गावाला काय मिळते?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे नवे झाड उत्पन्न देऊ लागायला काही वर्षे जातात. त्या रिकाम्या वर्षांत अनेक कुटुंबांना पाहुण्यांच्या खोलीने आधार दिला. पण दुसरी बाजूही आहे. शहरी माणसाने जमीन घेऊन बांधलेला, वर्षातून थोडे दिवस उघडणारा बंगला गावाला फारसे काही देत नाही. जमिनीचे भाव मात्र स्थानिकांच्या आवाक्याबाहेर नेतो. लेक डिस्ट्रिक्टमधील गावांनाही हाच प्रश्न भेडसावतो आहे. म्हणून घर निवडताना त्याचा मालक गावात राहतो का, एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.

कसे जाल, केव्हा जाल?

मुंबईहून पेण-अलिबागमार्गे मुरूड सुमारे १६५ किलोमीटर आहे. गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँच मिळते. भाऊच्या धक्क्याहून २०२० पासून रो-रो सेवा असून तिच्यातून गाडीही नेता येते. पावसाळ्यात लाँच बंद असतात आणि रो-रो हवामानावर अवलंबून असते. अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर. वाटेत रेवदंडा आणि काशीद लागते. या मार्गावर एसटीची सोय आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद. प्राणी पाहायचे असल्यास एप्रिल-मे चांगला, पण उकाडा सोसावा लागतो. अभयारण्याच्या प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वन विभागाकडे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा आणि सूर्यास्तापूर्वी जंगलाबाहेर पडावे.

निघायच्या दिवशी चूल विझली आहे, नळ बंद आहे आणि कचऱ्याची पिशवी गाडीत आहे, एवढे पाहावे. असे बिऱ्हाड हलले, तर पुढच्या हिवाळ्यात त्याच अंगणात आपले स्वागत होईल.